न मोजलेली चौतीस घरं

मित्रांनो, मी एक जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे, पाऱ्याचं. लोखंडी डबी, आत उभी राहणारी काचेची नळी, एक कापडी पट्टा आणि हवा भरायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. हल्लीची यंत्रं बटण दाबलं की गुरगुरतात आणि आकडा दाखवून मोकळी होतात. माझ्याकडे तसं नाही. माझ्यासमोर बसावं लागतं, कानात नळी घालून ठोके ऐकावे लागतात, पारा कुठं आला ते डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून मला म्हातारं म्हणतात. म्हणोत बापडे.

आज मी तुम्हांला माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. माझ्या आयुष्यात मला दोनदा लाज वाटली, त्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिल्या वेळी चुकलो मी होतो. दुसऱ्या वेळी मी सगळं पाहत होतो आणि गप्प होतो. यातली कुठली लाज मोठी, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वी मी मालवण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आलो. तिथं डॉ. गुरुदास परुळेकर नवेच रुजू झाले होते. डॉक्टर मला जीपमध्ये घालून गावोगाव न्यायचे. धामापूरला देवळाजवळ आंब्याखाली बसून मी एका सकाळी साठ-साठ माणसं मोजलेली आहेत. बायका एकमेकींना ढकलत म्हणायच्या, "तू बस पयली, माका भय वाटता." मग पट्टा आवळला की डोळे मिटून घ्यायच्या. पारा चढला म्हणजे मला राग आला असं पोरांना वाटायचं. मला ते दिवस फार आवडत.

काम आटोपलं की मला थोडं कलतं करून, पारा आत उतरल्यावर एक कळ फिरवून बंद करावं लागतं. एकदा घाईत कुणीतरी ती कळ न फिरवताच झाकण लावलं. देवबागच्या खडबडीत रस्त्यावर जीप आदळत गेली आणि माझा पारा थेंबाथेंबानं डबीत सांडला. नळीतला पारा शून्याच्या रेषेच्या बराच खाली गेला. तीन महिने ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी सगळ्यांचाच रक्तदाब कमी सांगत राहिलो, आणि तोही अगदी ठाम, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

होड्या दुरुस्त करणारा गणपत तेव्हा दोनदा माझ्याकडे आला होता. त्याचा खरा आकडा एकशे साठच्या घरात होता, मी एकशे चाळीस सांगितला. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, मीठ कमी कर." पावसाळा सरता सरता गणपतचं उजवं अंग गेलं. त्याच्या हातातला रंधा पुन्हा कधी चालला नाही.

केंद्रातले लोक म्हणाले, यंत्र बिघडलं होतं, डॉक्टरांचा काय दोष? डॉक्टर मात्र गणपतच्या घरासमोरच्या खळ्यात, अंगणात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गणपत, यंत्र बिघाडलेला, पण माझे डोळे बिघाडलेले नाय हुते. मी शून्य बघूक नाय. चूक माझी." गणपतला नीट बोलता येत नव्हतं. त्यानं डावा हात वर करून बसा म्हणून खूण केली, आणि डॉक्टर तिथं मातीतच बसले.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी एक रीत घातली. पट्टा बांधण्यापूर्वी ते मला पेशंटकडे वळवायचे आणि म्हणायचे, "हयसर बघ. पारो शून्यार आसा मां?" पेशंटनं मान हलवली की मगच पुढचं. होता होता त्या भागातली म्हातारी माणसंही सवयीनं शून्य विचारायला लागली. मला पुन्हा पारा भरून मिळाला, आणि गेलेली अब्रूही थोडी परत मिळाली.

मग वर्षं गेली. डॉक्टर मेडिकल कॉलेजात शिकवायला गेले आणि मला सोबत घेऊन गेले. बाकीची पाऱ्याची यंत्रं मोडीत निघाली, मी त्यांच्या कपाटात राहिलो. चार वर्षं झाकण उघडलं नव्हतं. मग अलीकडे संचिता आली.

संचिता जामसंड्याची, शाळामास्तरांची मुलगी, हुशार आणि भारी उतावळी. तिनं स्वतःच संशोधनाचा विषय निवडला होता. आषाढात समुद्र बंद असतो, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांत खारवलेली सुकी मासळी जास्त खाल्ली जाते. त्या मिठानं माणसांचा रक्तदाब वाढतो का? साधा प्रश्न, पण या मातीतला. डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी मला कपाटातून काढून तिच्या हातात दिलं. "ह्याच्यानं मोज. कान तयार होतील. आणि आधी काय बघायचं?"

"शून्य, सर."

त्याच सुमारास कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेची तीन दिवसांची कार्यशाळा झाली. टेबलावर मीही होतो. शोधनिबंध कसे धुंडाळावेत, अवघड धडा सोपा करून कसा घ्यावा, आकड्यांतून अर्थ कसा काढावा, हे सगळं मुलांनी संगणकाला विचारून पाहिलं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. मी एका वेळी एक दंड मोजणार, आणि हे बेटं क्षणात शंभर पानं वाचून हात जोडून उभं! डॉक्टरांनी शेवटी मला वर उचललं आणि मुलांना गणपतची गोष्ट सांगितली. "नवं यंत्रही असंच ठामपणे बोलतं," ते म्हणाले. "ते शून्यावर आहे की नाही, हे बघायचं काम आपलं." संचितानं ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी पाहिलंय.

देवबागची एकशे वीस घरं तिच्या यादीत होती. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची जीभ, आणि वर आषाढाचा वारा. ती पिशवीत मला छातीशी धरून घरोघर हिंडली. शहाऐंशी घरं तिनं मनापासून मोजली, आठवड्यात कुठली मासळी किती वेळा खाल्ली तेही लिहून घेतलं. प्रत्येक घरी शून्य दाखवलं. मी तिच्यावर खूश होतो.

उरली टोकाकडची चौतीस घरं. तिथली राधाबाई तिला वाटेतच भेटली. साठीची, नवरा नसलेली, माडाच्या हिरांच्या, म्हणजे पात्यांतल्या काड्यांच्या, केरसुण्या बांधून विकणारी बाई. म्हणाली, "चेडवा, माझ्याकडे कदी येतलंस? घावणे घालतंय, खावन जा."

"शनिवारी नक्की येतंय, काकी."

शनिवारी धो धो पाऊस लागला. संचिता गेली नाही. सोमवारी तिला परिषदेसाठी निबंध पाठवायचा होता. रविवारी दुपारी हॉस्टेलच्या खोलीत ती संगणकासमोर बसली. मी टेबलावरच होतो, झाकण उघडंच होतं. तिनं शहाऐंशी घरांचे आकडे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले, उरलेल्या घरांतल्या माणसांची नावं आणि वयं दिली आणि लिहिलं, "उरलेल्या चौतीस घरांची माहिती अशीच भरून दे."

मित्रांनो, त्या यंत्रावर मी खोटा आळ घेणार नाही. त्यानं तक्ता भरून दिला, पण वर एक ओळ लिहिली होती: ही माहिती अंदाजाने तयार केलेली आहे, प्रत्यक्ष मोजमाप म्हणून वापरू नये. संचितानं ती ओळ वाचली. बोट बटणावर ठेवून ती थोडा वेळ थांबली. मग तिनं ती ओळ पुसली.

माझ्यात पारा होता, तोंड नव्हतं. माझा पट्टा त्या चौतीस घरांतल्या कुठल्याच दंडाला न लागता ते आकडे आले, हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला. तिनं माझं झाकण लावलं. कळ मात्र न विसरता फिरवली. तेवढी काळजी माझी घेतली.

ठरल्याप्रमाणे ती यादी आरोग्य केंद्रातल्या नम्रता सिस्टरकडेही गेली. ज्यांचा आकडा जास्त, त्यांना श्रावणातल्या शिबिरात बोलवायचं होतं. राधाबाईच्या नावापुढं आकडा होता एकशे चोवीस. सुरेख, निरोगी आकडा. सिस्टरनं तिला बोलावलं नाही. का बोलवावं?

श्रावण अर्धा सरल्यावर विभागात संचितानं आपलं काम मांडलं. पडद्यावर रंगीत आलेख होते. बाकीची मुलं भारावून बघत होती. डॉक्टर चष्मा सरकवत एका तक्त्याशी थांबले. देवबागच्या टोकाची घरं, महिना आषाढ, ताजी सुरमई आठवड्यातून पाच वेळा, सुकी मासळी नाही.

कॉलेजात डॉक्टर शुद्ध मराठीत बोलतात. तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली. "संचिता, आषाढात देवबागात रोज ताजी सुरमय कोण देता गो?"

मुलं हसली. संचिता हसली नाही.

"तू टोकाच्या घरांत गेली होतीस?"

"हो सर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावरून मला उचललं, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. माझा पारा शून्यावर होता, स्वच्छ, हलत नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी इतक्या माणसांचे ठोके ऐकलेत, पण पट्टा न बांधता कुणाची धडधड मला तेव्हाच ऐकू आली.

"नाही सर," ती म्हणाली. "गेले नव्हते. ते आकडे संगणकानं भरले. अंदाज आहे म्हणून त्यानं लिहिलं होतं. मी ते पुसलं."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आकडे पुन्हा लिहिता येतील. निबंध मागं घेता येईल. ती यादी सिस्टरकडं गेलीये, तिथं माणसं आहेत. आधी तिकडं जा. ह्याला घेऊन जा."

तिनं वाटेतच नम्रता सिस्टरला फोन करून सगळं सांगितलं. रडली, पण काही लपवलं नाही. टोकाचं पहिलंच घर राधाबाईचं. ती पडवीत हिरांच्या ढिगाशी बसली होती. केरसुणी बांधत नव्हती. डावा हात मांडीवर पडून होता.

"इलंस?" राधाबाई म्हणाली. "त्या शनिवारी तुझी वाट बघलंय गो. घावणे झाकून ठेयले हुते."

संचिता त्या हाताकडे बघत म्हणाली, "काकी, हाताक काय झाला?"

"पंधरा दिवस झाले, जड लागता. मूठ आवळणा नाय. सिस्टरीक इचारलंय, ती म्हणाली, काकी, यादीत तुझो आकडो चांगलो आसा. माका वाटला, न मोजता कसो? मगे म्हटलंय, आता नवीन शास्त्र इला, मोबाईलातसून लांबसूनच कळत असतला." आणि ती खरोखर कौतुकानं म्हणाली, "मोठी शिकलेली पोरां तुमी."

संचिता तिच्या पायाशी बसली. खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. मी मोजलं नाही, तरी लिहिलं. नवीन शास्त्राचा दोष नाही, माझा आहे. राधाबाई ऐकत राहिली. मग तिनं रागे भरावं, शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं. म्हणजे हिशोब तरी चुकता झाला असता. पण तिनं आपला उजवा हात पुढं केला.

"बांध पट्टो. पण आधी शून्य दाखय. गुरुदास डॉक्टर पयला शून्य दाखवीत आणि मगेच बांधीत."

संचितानं मला तिच्याकडे वळवलं. पारा अजून हलत होता. दोघी थांबल्या. तो शून्यावर आला तेव्हा राधाबाईनं मान हलवली.

मी एकशे शहाण्णव सांगितला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात खरा आकडा होता, आणि सगळ्यात उशिरा सांगितलेला.

त्याच दुपारी तिला इस्पितळात नेलं. औषधं लागू पडली, जीव वाचला. पण डाव्या हाताची मूठ अजून पुरती आवळत नाही, आणि एका हातानं केरसुणी बांधता येत नाही. संचितानं निबंध मागं घेतला. राहिलेल्या तेहतीस घरांतही ती गेली, प्रत्येक दारात तेच कबूल केलं आणि सगळ्यांना मोजलं. आषाढातल्या सुक्या मासळीचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण गेलेला आषाढ कुणालाच परत मोजता येत नाही.

आता कॉलेजात त्या कार्यशाळेची सुरुवात संचिताच करते. नवं यंत्र तिनं सोडलेलं नाही. खरे आकडे त्याला देते, त्याचं उत्तर ओळ न् ओळ तपासते, चुकलं की मुलांना दाखवते. पण आधी मला टेबलावर ठेवून देवबागची गोष्ट सांगते. स्वतःचं नाव ती वगळत नाही. दर वेळी त्या पुसलेल्या ओळीशी आली की तिचा आवाज खाली जातो, आणि मलाही माझ्या डबीत अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

मित्रांनो, मला नीट बंद करा, कळ फिरवायला विसरू नका, एवढीच माझ्यासाठी विनवणी. नव्या यंत्राला हवं ते खुशाल विचारा, त्याच्याकडून शिका, माझी ना नाही. पण कुणाच्या नावापुढं आकडा लिहिण्यापूर्वी एकदा त्या माणसाच्या पडवीपर्यंत चालत जा. तिथं कुणीतरी तुमच्यासाठी घावणे झाकून ठेवून बसलेलं असतं.