जाळाच्या रेघेवरची पखाल

मी पखाल बोलतेय, पाणी वाहायची चामड्याची मोठी पिशवी. हल्ली बैलगाडीवर लोखंडी टिपाडं ठेवून पाणी नेतात, म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. 'दुखणं हेल्याला नि डाग पखालीला' ही म्हण मात्र ऐकली असेल. त्या म्हणीत फुकट डाग सोसणारी ती मीच.

आर्णीच्या एका कारागिरानं मला शिवलं. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत मुरवलं, जाड दोऱ्यानं टाके घातले, फटी चरबीनं बुजवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी जागोजागी ठिबकत होते. "रडून राह्यली. नवी नवरी हाये," असं म्हणून मला घेणारा माणूस हसला. त्याचं नाव वाहिद.

वाहिद पांगरखेड्याचा पखाली. त्याच्या हेल्याचं, म्हणजे रेड्याचं, नाव सुलतान. सुलतानच्या पाठीवर दोन्ही अंगांनी मी लोंबायची आणि वाहिद पुढं गुणगुणत चालायचा. माझं पाणी पिण्याचं नव्हे. भिंतीचा गारा भिजवायला, लग्नाच्या मांडवात धूळ बसवायला, अशा कामांचं ते पाणी. पण फाल्गुन लागला की मला खरा मान मिळे.

कारण गाव सागाच्या जंगलाला खेटून होतं. घरं तुराट्यांच्या कुडांची, छपरं गवताची. फाल्गुनात सागाची पानं गळून कुरकुरीत होत. चैत्रात मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवत, आणि कधी तो जाळ हातचा सुटे. म्हणून बायका आधीच कुडांना शेणमातीचा जाड थर देत, कुटाराचे, गुरांच्या वाळल्या भुशाचे, ढीग घरापासून दूर हलवत, दारात रांजण भरून ठेवत. दुपारी चूल विझवत. उन्हाच्या तडाख्यात गुरांना खुंट्याला बांधून कुणी बाहेर जात नसे. जाळ आलाच तर मुकं जनावर जागच्या जागी होरपळायचं.

आणि गडीमाणसं जाळाची रेघ काढत. जंगल आणि गाव यांच्यामधल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, ते तिथंच जाळायचं आणि जमीन काळी, उघडी करून ठेवायची. वणवा तिथवर येतो, खायला काही मिळत नाही, मरतो. रेघ जाळताना तिचे काठ ओले करायचं काम माझं.

मी घरात आले त्याच्या आदल्या दसऱ्याला गावातल्या भीमराजनं आणि त्याच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला होता. गावाची मेलेली गुरं ओढणं, सांगेल ती वेठ करणं त्यांनी सोडलं. गाव धुमसत होतं. वस्ती होती अगदी जंगलाच्या तोंडाशी, गावाच्या विहिरीवर त्यांना मनाई होती आणि नाल्याच्या वाळूत उकरलेला त्यांचा झिरा चैत्रात आटायचा.

त्या फाल्गुनात रेघ आखताना पंजाबराव पाटलांनी काठी टेकली ती वस्तीच्या अलीकडं. वस्ती जंगलाच्या बाजूला राहिली.

वाहिदनं सुलतानला थांबवलं. "पाटील, रेघ चुकली. वस्ती तं भायेर राह्यली."

"चुकली नाई. त्याइनं गावाचं काम सोडलं. मंग गावानं त्याइची रेघ काहून मारावी?"

"जाळ काय जात इचारते?"

"तुले पानी शिपडाले बोलावलं हाये, वाहिद. पानी शिपड."

वाहिदनं माझं तोंड सुतळीनं घट्ट बांधलं, सुलतानला वळवलं आणि सरळ वस्तीत गेला. भीमराज, त्याची बायको पंचफुला आणि वस्तीतले सगळे विळे घेऊन निघाले. वस्तीच्या पलीकडून त्यांनी आपली वेगळी रेघ काढली. वाहिदनं तिचे काठ माझ्या पाण्यानं भिजवले. मी इतकी रिती झाले, इतकी हलकी, की मला माझाच अभिमान वाटला.

त्यानंतर गावानं वाहिदला बोलावणं बंद केलं. मांडवाला नाही, भिंतीला नाही. मी खुंटीवर वाळत राहिले. अखेर त्यानं राजूरची वाट धरली, कोळशाच्या खाणीत माणसं हवी होती. निघताना बायकोला, जैनबबीला, म्हणाला, "ईद को आता मैं. सुलतान को संभाल." माझ्यावरून त्यानं हात फिरवला. त्या दिवसापासून मी त्या हाताची वाट पाहायला शिकले.

जैनबबीही पाहत होती. एसटीचा आवाज आला की हातातलं काम टाकून उठायची आणि धूळ खाली बसेपर्यंत दारात उभी राहायची.

चैत्र लागला, रमजान सुरू झाला. एका दुपारी टेकडीवर धूर दिसला आणि बघता बघता जाळ उताराला लागला. जैनबबीचा रोजा होता, ओठ सुकले होते. पण तिनं सुलतानवर मला लादलं. गावाच्या विहिरीवर तिला मनाई नव्हती. तिथून भरलं आणि वस्तीकडं निघाली. वाटेत गावची माणसं आपल्या रेघेवर जाळ झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन उभी होती. कुणी तिला अडवलं नाही, कुणी सोबतही आलं नाही.

वणवा वस्तीच्या रेघेपाशी आला आणि अडला. पण वाऱ्यानं पेटती पानं उडवली. पंचफुलाच्या छपरानं पेट घेतला. सुलतान जाळाला बुजून पाय रोवून उभा राहिला. जैनबबीनं डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि कानाशी बोलत बोलत त्याला ओढत नेलं. माझं तोंड सुटलं. घागरीवर घागर भरत बायका शेजारच्या छपरांवर पाणी फेकू लागल्या.

"जैनबभाबी, माह्यं घर गेलं, जाऊ दे!" पंचफुला ओरडली. "बाकीचे भिजव!"

मी संपले. पुन्हा विहीर गाठायची होती. विहिरीवर पाटलीणबाई, सुखीबाई, उभी होती. जैनबबीच्यानं दोर ओढवेना. सुखीबाईनं तो हिसकून घेतला. "सरक बाई. मी वढते. तू जनावर धर." तिच्यामागून आणखी बायका आल्या. मी भरले. आणि पाटलीणबाई डोक्यावर घागर घेऊन, नवऱ्याच्या समोरून, रेघ ओलांडून वस्तीकडं चालू लागली.

हातातली फांदी घेऊन पंजाबरावही निघाले. त्यांच्यामागं बाकीचे.

एक घर गेलं. माणूस गेलं नाही. त्या संध्याकाळी पंचफुलानं, जळक्या घरासमोर बसून, जैनबबीला रोजा सोडायला पाणी दिलं. झिऱ्यातलं, गढूळ, फडक्यानं गाळलेलं.

ईदला वाहिद आला. माझं चामडं नुसत्या चाहुलीनं सैल झालं. पाटील स्वतः त्याच्या दारात आले. "झालं ते झालं, वाहिद. परत ये. गावाले पखाली पायजे."

वाहिद म्हणाला, "पाटील, तिथं भोंगा वाजला का कामाले जायचं. कोनी बोलावत नाई, कोनी हाकलतही नाई. आता माह्यं मन इथं लागन, असं वाटत नाई."

पाटील मान खाली घालून गेले. मला वाटलं होतं, तो थांबेल.

सुलतान आर्णीच्या बाजारात गेला. जैनबबीनं भांडी बांधली. वाहिदनं मला धुतलं, तेल चोळलं, एकेका टाक्यावरून अंगठा फिरवला आणि भीमराजच्या हवाली केलं. "भाऊ, खानीत हिचं काय काम? तुमच्यापाशी राहू द्या." जैनबबी आणि पंचफुला गळ्यात पडून रडल्या. एसटी गेली. धूळ बसली. मी खुंटीवर होते.

पुढच्या फाल्गुनात पाटलांनी काठी वस्तीच्या पलीकडं टेकली. मी तिथं होते, भीमराजच्या बैलाच्या पाठीवर, काठ भिजवत. तेव्हापासून दरवर्षी तसंच. काही वर्षांनी वस्तीनं स्वतःची विहीर खणली. मग टिपाडं आली. आता चामडं तडकलंय, टाके उसवलेत. पाणी भरलं तर सगळं वाटेतच सांडेल. पंचफुला अधूनमधून तेलाचा हात लावते आणि म्हणते, "तुह्या मालकाचा काई सांगावा नाई ओ बाई."

तुमच्यापैकी कुणी वणीकडं जाणार असेल, तर जरा राजूरला उतरा. वाहिदचं घर विचारा. त्याला सांगा, रेघ वस्तीच्या पलीकडूनच निघते. यंदाही निघाली. जैनबबीला सांगा, पंचफुलाच्या नव्या घरावर कौलं आली. माझं कुणी विचारलं तर म्हणा, बरी आहे. नाहीच विचारलं, तरी म्हणा.