कुंचीच्या काठातले छर्रे

पंधरा ऑगस्टला भाषण ठोकून स्टीलचा डबा जिंकलेली पोरगी कशी चालते, हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं त्या साली चिंताकी गावात येऊन संघमित्राला बघायला पाहिजे होतं. ती चालायचीच नाही, तरंगायची! नववीत होती. जयभीमनगरातून नववीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी. आणि भाषणाचा विषय काय, तर 'बाळाचा सकस आहार'. सहा मिनिटं, एकदाही कागदाकडे न बघता. डाळीचं पाणी, शेपूची भाजी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा कूट, सगळं एका दमात. आधी हेडमास्तरांनी टाळी वाजवली, मग साऱ्या गावानं वाजवली.

त्या दिवसापासून गावाला शहाणं करायचा मक्ता जणू तिच्याकडेच आला. बोरिंगवर पाण्याला गेली तरी तोंड चालूच.

"सरुमावशी, नातवाला नुस्ता चा कामून पाजायलास? डाळीचं पानी दे की."

"व्हय गं माय," सरुबाई घागर कमरेवर घेत म्हणायची, "डाळ तू पाठीव, पानी मी घालते."

बाया हसायच्या. संघमित्राही हसायची. तेव्हा ते हसणं अंगाला लागत नव्हतं.

लागायला लागलं ते दिवाळीनंतर. कारण बाळ तिच्या घरातही होतं. सात महिन्यांची सुजाता, तिच्या अण्णाची, किशनची लेक. सगळे तिला सुजी म्हणत. डोळे टप्पोरे, हसणं तर असं की रडणारा माणूसही थांबावा; हात मात्र शेवग्याच्या शेंगा. सुजीची आई, वच्छलावैनी, रोज दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची. किशनचं औरादच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. पोर दिवसभर आजीपाशी, आणि आजीला, राजूबाईला, डोळ्यांनी कमी दिसायचं. ती वाटीतला निम्मा भात सुजीच्या तोंडात घालायची आणि निम्मा गळ्यावर. आणि आहारावर भाषण देणारी आत्या कुठं? शाळेत! दिवाळीनंतर सुजीला आठ दिवस हगवण लागली. होतं नव्हतं तेवढं मांसही उतरलं.

अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं व्हायची. आढ्याला घड्याळासारख्या तोंडाचा काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी. भागम्माटीचर एकेक पोर झोळीत घालायच्या आणि त्याच्या कार्डावर ठिपका द्यायच्या. कार्डावर रंगांचे पट्टे होते. वर हिरवा, मधे पिवळा, तळाला लाल. पोर लालमध्ये गेलं की त्याला खाऊ दुप्पट मिळायचा, आणि गुरुवारी जीपमधून औरादच्या डॉक्टरकडे न्यायचे. खरं म्हणजे चांगली सोय होती. पण गावाला सोय दिसत नव्हती, रंग तेवढा दिसत होता.

मागच्या महिन्यात सुजीचं वजन पाच किलो तीनशे भरलं. लालच्या रेषेला चाटून वर. सरुबाईला तेवढं पुरलं.

"काय गं मास्तरीणबाई," ती बोरिंगवर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या घरी डाळ शिजंना व्हय? का लाल बत्तीची गाडी बोलवायलीस दारात?"

बाया खदखदल्या. संघमित्रा अर्धी घागर घेऊन घरी आली.

आता शहाण्या पोरीनं काय केलं असतं? शाळेतून आल्यावर वह्या बाजूला ठेवून सुजीला मांडीवर घेतलं असतं आणि वाटीभर डाळ भरवली असती. संघमित्राला डाळीच्या आधी सुईदोरा सुचला.

किशनच्या दुकानात झिजलेल्या छर्ऱ्यांचा डबा होता, सायकलच्या चाकात असतात ते लोखंडी गोल दाणे. त्यातले दोन मुठी भरून तिनं उचलले आणि वीरण्णाच्या किराणा दुकानात नेले.

"वीरण्णा, हे जरा तोला."

वीरण्णानं पिशवीत डोकावलं. "छर्रे? भाजी करायलीस काय गं?"

"शाळेचा प्रयोग हाय. विज्ञानाचा."

"सातशे गिराम," पारडं स्थिर झाल्यावर तो म्हणाला. "लई जड असतंय बाबा विज्ञान."

सातशेच तिला हवे होते. तेवढ्यानं सुजी लालच्या रेषेपासून लांब, पिवळ्याच्या आत पोचणार होती. हिरव्यात नेली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता, एवढी अक्कल तिला होती. मग तिनं सुजीची लाल कुंची घेतली, डोक्यावरून पाठीवर खाली येणारी, खणाच्या काठाची, आणि काठाच्या आत पट्टी लावून एकेक छर्रा शिवून टाकला. शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेली बारीक बखियाची टीप. इतकी सुबक, की स्वतःच दोनदा बघितली.

सोमवारी वैनी रानात गेली आणि सुजीला कडेवर घेऊन संघमित्रा अंगणवाडीत.

"अय्यो, कुंची काढ की गं," भागम्माटीचर म्हणाल्या. त्या कानडी मुलखाच्या, त्यांची मराठी जपून पाय टाकत यायची.

"नको टीचर, खोकला हाय तिला. गारठा बगा किती हाय."

कुंची टीचरच्या हाताला लागू नये म्हणून तिनं स्वतःच पोर झोळीत घातलं. काटा थरथरला, फिरला, थांबला. पाच किलो आठशे!

"नोड, नोड! बघा, अर्धा किलो वाढली!" टीचरनी पिवळ्यात ठिपका दिला आणि बसलेल्या बायांकडे वळल्या. "घरात शिकलेली पोरगी असली की असं होतंय बघा."

सरुबाई नातवाला घेऊन तिथंच होती. तिचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि संघमित्रानं ते पोटभर बघून घेतलं. फक्त एक झालं. काठाच्या ओझ्यानं सुजीची मान मागं खेचली गेली होती. तसल्यातही तिनं आत्याला शोधलं आणि दोन दात दाखवून हसली. संघमित्रानं नजर काट्यावर वळवली.

दिवेलागणीला वैनी आली ती पळतच. वाटेतच तिला कळलं होतं. विळा दारात टाकला, हातपाय न धुताच पोरीला उचललं.

"माझी सोनी! अर्धा किलो? खरंच व्हय संगे?"

"व्हय," संघमित्रा पुस्तकातून म्हणाली.

"बगा की," वैनी किशनला सांगू लागली, "लालमधी गेली तर औरादला न्यावं लागंल म्हून गुरुवारची सुट्टी मागून ठिवली व्हती मी. तिची हगवन बगून जीव उडाला व्हता माझा. आता कशाला जायचं? कामाला जाते मी." मग ती उतरंडीतून गुळाचा खडा काढून घेऊन आली आणि संघमित्राच्या हातावर ठेवला. "तुझ्या भाषनाचं पुण्य हाय हे."

गूळ एवढा कडू असतो हे संघमित्राला त्या दिवशी कळलं. सुजीला जीपमधून जायचं होतं. डॉक्टरला दाखवायचं होतं. आणि ते सगळं तिनं बारीक टिपेनं शिवून बंद केलं होतं. हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं, खरंच आलं नव्हतं. सरुबाईच्या तोंडापलीकडचं तिला काही दिसलंच नव्हतं.

किशन बाहेर गेला. वैनीनं सुजीची कुंची काढली आणि चुलीजवळच्या दगडावर टाकली.

ठक्.

वैनीनं कुंची पुन्हा उचलली. हातावर तोलली. काठ चिमटीत धरून चाचपत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. संघमित्राच्या पुस्तकातली अक्षरं हलायला लागली.

"किती हायती गं हे?" वैनीनं हळूच विचारलं.

"सातशे गिराम."

"मंग लेकरू किती?"

"पाच शंभर."

"म्हंजे लाल?"

"लाल."

वैनीनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं कुंचीची घडी घातली, खुंटीवर ठेवली आणि सुजीला पदराखाली घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखीच बोलली, "संगे, भाकर घे," "संगे, येणी घालू का?" ते सगळ्यात वाईट.

गुरुवारी सकाळी मात्र वैनी रानात गेली नाही. सुजीला कडेवर घेतलं, कुंची बगलेत मारली. दारात थांबून म्हणाली, "तू शाळंला जा. तिथं येऊन काय बोलू नको. तुझं नाव हाय गावात, ऱ्हाऊ दे."

संघमित्रा दप्तर घेऊन निघाली खरी, पण पाय शाळेकडे वळलेच नाहीत. ती मागोमाग अंगणवाडीपाशी गेली. जीप उभी होती. लालमधल्या तीन पोरांच्या आया, त्यांना बघायला आलेल्या आणखी दहा बाया, आणि त्यात सरुबाई असायचीच.

"टीचर," वैनी म्हणाली, "माझ्या लेकराचं वजन परत करा. सोमवारचं खोटं हाय. कुंचीत छर्रे व्हते. मी शिवले."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अगं आई हायस का वैरीण?" सरुबाई कडाडली. "लेकराच्या जिवाशी खेळायलीस? लाजबीज हाय का न्हाई?"

वैनी खाली मान घालून उभी. रानात कुणाचं एक बोलणं ऐकून न घेणारी वैनी. आणि दहा हातांवर, जीपच्या आडोशाला, सहा मिनिटं न थांबता बोलणारी संघमित्रा उभी. वैनीनंच गप्प बस म्हणलंय, असं ती मनाला सांगत होती. मन ऐकत नव्हतं.

भागम्माटीचरनी कुंची घेतली. काठावरून अंगठा फिरवला, टीप डोळ्यांजवळ नेली. वैनीच्या हातची शिवण गावाला ठाऊक होती, गोधडीचे बोटभर लांब टाके. टीचरनी मान वर केली, आणि बायांच्या डोक्यांवरून नजर नेमकी जीपच्या आडोशाला आली.

"संघमित्रा. ये इकडं." त्यांनी कात्री पुढं केली. "हे उसव. तुझा हात बारीक आहे."

इतर कुणाला काही कळलंही नाही. तिला कळलं.

ती पायरीवर बसली. पहिली टीप कापली. एक छर्रा सुटला, टणकन पायरीवर पडला आणि घरंगळत सरुबाईच्या पायाशी गेला. दुसरा. तिसरा. मग धार लागली.

"मी शिवले," ती म्हणाली.

"काय म्हणलीस?" सरुबाईनं विचारलं.

म्हणजे पुन्हा म्हणायला लागणार होतं. मोठ्यानं.

"मी शिवले! वैनीला ठावंच नव्हतं. तुमी समद्या हसायलाव म्हून... म्हून मी शिवले."

आता हसतील, असं तिला वाटलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. एकही हसली नाही. सरुबाईनं वाकून मातीतले चार छर्रे वेचले आणि तिच्या ओंजळीत टाकले. ठेवायला काही नव्हतं, म्हणून संघमित्रानं दप्तरातला डबा काढला, बक्षिसाचा, आणि सगळे छर्रे त्यात भरले.

सुजीला उघडी करून झोळीत घातली. "वाच," टीचर म्हणाल्या.

"पाच किलो शंभर," संघमित्रानं वाचलं. ठिपका लालमध्ये पडला.

वैनी जीपमध्ये चढली. संघमित्रा खालीच उभी राहिली.

"बस की," वैनी तिच्याकडे न बघता म्हणाली. "डाक्टर काय सांगतोय ते ध्यानात कोन ठिवंल? तेवढ्यापुरतं तरी चालू दे तुझं डोस्कं."

ती बसली. वैनीनं सुजीला तिच्या मांडीवर दिलं आणि तोंड बाहेर वळवलं. कुंची नसलेली सुजी. सात महिने हिला कडेवर घेऊन मिरवलं, आणि ही इतकी हलकी आहे हे कधी हाताला कळलंच नाही. हाताला कळलं नाही, की हातानं कधी विचारलंच नाही?

जीप सुरू झाली. औरादचा रस्ता म्हणजे खड्ड्याला खड्डा. प्रत्येक हिसक्याला दप्तरातला डबा वाजायला लागला, खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. जीपमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं तो कशाचा आवाज आहे. सुजीला मात्र तो फार आवडला. ती प्रत्येक खड्ड्याला मान वर करून आत्याकडे बघायची आणि खुदकन हसायची, आणि संघमित्राला कुठं बघावं ते कळत नव्हतं.