दुसऱ्यांदा म्हटलेली प्रार्थना

सकाळचा उजेड ख्रिस्तमंदिराच्या पाळकांच्या घरात मागच्या दाराने येत असे. आधी तो ओट्यावर उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या बुडांवर रेंगाळे, त्यांचे पोचे आणि चरे मायेने चाचपडून पाही. मग टेबलावरच्या मेणकापडावर उतरून तिथली पुसट झालेली फुलं एकेक करून शोधून काढी. चहाच्या कपाच्या कडेवर तो क्षणभर टेके, वाफेतून आरपार जाई, आणि सरकत सरकत खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या काळ्या झग्याच्या बाहीपर्यंत पोचे. तिथे मात्र तो थबके. काळ्या कापडाशी त्याचं फारसं जमत नसावं. बाहीच्या झिजलेल्या काठावर दोन-चार धागे उजळून निघत, आणि तेवढ्यावरच समाधान मानून तो पुढे भिंतीवर चढे.

पाळकांचा मुलगा दर रविवारी हा उजेड बघत बसे. लहानपणापासून चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून घरात त्याला सगळे मौनी म्हणत. एकदा शाळेत पाठांतराला उभा केला तेव्हा ओठ हलत राहिले आणि आवाज कुठल्या कुठे निघून गेला. पहिल्या रांगेतली मुलं कानाला हात लावून पुढे वाकली होती. त्या दिवशी वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, "हरकत नाही. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहावं, ज्याला बोलता येतं त्यानं बोलावं." पुढे तीच घराची रीत झाली. मौनी आठवडाभर वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवी आणि रविवारच्या उपासनेसाठी चिंतन लिही. ते वडिलांच्या भरदार आवाजातून मंडळीपर्यंत पोचे. कोण लिहितं हे कोणाला सांगायची गरज पडली नव्हती.

आज मात्र ते पोचणं फार जरुरीचं होतं. मंदिरामागे मंडळीचा जुना दवाखाना होता. दोन खोल्या, एक बाक, काचेचं कपाट, आणि काही ठरावीक सकाळी येणारे डॉक्टर. कारखान्यात बोट चिरलेले कामगार, तापलेली पोरं कडेवर घेतलेल्या बाया, ज्यांना मोठ्या इस्पितळाच्या दारातला रखवालदारसुद्धा आत सोडत नसे, अशी माणसं तिथे येत. ती जागा मोकळी करून उपासनेला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी वापरावी, असं कमिटीच्या मनात होतं. उपासनेनंतर लगेच सभा होती आणि सभेत हात वर व्हायचे होते.

म्हणून मौनीने या चिंतनात जीव ओतला होता. वाटेवर लुटलेल्या माणसाच्या दृष्टांतापासून त्याने सुरुवात केली होती: याजक बाजूने गेला, सेवेकरी बाजूने गेला, परका तेवढा थांबला. पण दुसऱ्या पानावर तो सगळे विसरतात त्या माणसाकडे, परक्याने जखमीला जिथे नेलं त्या उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, रखवालदाराकडे वळला होता. गोष्ट सांगणाऱ्याने त्याच्या तोंडी एक वाक्यही दिलेलं नाही, आणि तरी जखमी माणूस शेवटी त्याच्याच हवाली केला आहे, असं त्याने लिहिलं होतं. पुढे जुन्या शहरांतल्या रोगांच्या साथी होत्या; श्रीमंत लोक गावाबाहेर पळत असताना शेजाऱ्यांच्या उशाशी बसून राहिलेले पहिल्या शतकांतले विश्वासणारे होते. आणि तिसऱ्या पानावर, सगळ्याची गाठ मारल्यासारखा, मंदिरामागचा तो बाक होता.

"यावेळी अक्षर मोठं काढलंय, बाबा," तो म्हणाला. "पानांवर आकडेही घातलेत."

पाळक अर्ध्या गालाला साबण लावून स्वयंपाकघरात आले होते. "वाचलं मी. फार छान लिहिलंयस." त्यांनी पानं उचलली, मागे-पुढे केली आणि जागच्या जागी ठेवली. "आज बोलणार कोण आहे?"

मौनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांना थट्टेची खोड जन्मजात. लग्न लावताना नवऱ्या मुलाकडे बघून "हे कोण?" असं नवरीला विचारणारा हा माणूस. पण प्रत्येक गोष्टीला एक वेळ असते.

"थट्टा पुरे, बाबा. निदान आज तरी."

"बरं," पाळक म्हणाले आणि आज्ञाधारकपणे परत गेले.

आत्या कप विसळत होती. पाळकांची ती थोरली बहीण. मौनीची आई गेल्यापासून घर आणि मंदिरातला ऑर्गन दोन्ही तिच्याच हातात होते. जीभही तशीच तिच्या ताब्यात होती, म्हणजे ती हवी तेव्हाच सोडे.

"ती थट्टा नव्हती, मौनी."

"त्यांची बाजू घेऊ नकोस, आत्या. गेले कित्येक रविवार बघतोय मी. मी आजचं लिहितो आणि ते भलतीकडेच जातात. मागे बेकारीवर लिहिलं, तर पुराची गोष्ट सांगत बसले. माझ्या जन्माआधीचा पूर, आणि म्हणे, परवा रात्री पाणी पायरीला लागलं."

"लोक रडले त्या दिवशी."

"रडले, कारण त्यांना वाटलं ही बोलण्याची तऱ्हा आहे. इतिहास डोळ्यांसमोर उभा केला म्हणे. आणि तू तरी काय करतेस? बाबांचं बोलणं संपायच्या आत गीत सुरू करतेस. माझा शेवटचा परिच्छेद दर वेळी तुझ्या ऑर्गनखाली चिरडला जातो."

आत्याने कप पालथा घातला. "मी किती दिवस अशी लवकर गाणी सुरू करणार, हे तू एकदा मला विचारशील असं वाटलं होतं."

त्याने विचारलं नाही. पानं पाकिटात घातली आणि पाकीट झग्याच्या खिशात सरकवलं.

मंदिरात तो नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, खांबाआड बसला. खिडकीच्या उंच काचांतून उजेड तिरपा येत होता आणि लोकांच्या खांद्यांवर सारखाच पडत होता. त्याला दुसरीच एक सकाळ आठवत होती. वडिलांनी प्रभूची प्रार्थना सांगितली होती, मंडळीने म्हटली होती, आमेन झालं होतं, माणसं खाली बसली होती. आणि वडिलांनी पुन्हा हात जोडून तीच प्रार्थना पहिल्या शब्दापासून सुरू केली होती. क्षणभर सगळे घुटमळले. मग एक म्हातारी उठली, तिच्यामागे तिचा जावई, आणि बघता बघता सगळी मंडळी उभी राहून दुसऱ्यांदा तीच प्रार्थना म्हणू लागली, पहिल्यापेक्षा सावकाश. बाहेर पडताना कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "एवढी वर्षं म्हणतोय, पण शब्द आज कानांत शिरले. पाळकसाहेबांनी मुद्दामच केलं ते." मौनीलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर तो चिडला होता. जगात इतकं काही घडत असताना वडील जुन्या शब्दांच्या पांघरुणात शिरून बसतात, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्या रागाला तो दर रविवारी खतपाणी घालत आला होता.

पाळक व्यासपीठावर चढले. पाकीट निघालं, पानं निघाली. मौनीचा जीव टांगणीला लागला.

पहिलं पान त्यांनी असं वाचलं की लिहिणाऱ्यालाही ते नवं वाटावं. वाट दिसली, धूळ दिसली, पडलेला माणूस कण्हताना ऐकू आला. याजक बाजूने गेला. सेवेकरी बाजूने गेला. परका थांबला. पाळकांनी पान मागे सारलं, समोर पाहिलं, हातातली पानं पुन्हा सारखी केली. आणि वाट, धूळ, पडलेला माणूस. याजक बाजूने गेला.

मंडळी पुढे झुकली. कोणीतरी हलकेच मान डोलावली. मौनीने बाकाची कड घट्ट धरली. दुसरं पान, बाबा. आकडा घातलाय त्यावर. सेवेकरी बाजूने गेला. परका थांबला. पानं सारखी झाली. आणि पुन्हा वाट.

पुढच्या बाकावरची म्हातारी डोळे पुसत होती. मौनी दातओठ खात होता. उठून धावत जावं, ती पानं ओढून घ्यावीत, आपला रखवालदार आपण सोडवून आणावा असं त्याला वाटत होतं, आणि तरी तो खांबाआडच बसून राहिला. तेवढ्यात वडिलांनी वाचता वाचता मान वर केली. त्यांची नजर बाकांवरून फिरली, कोणाला तरी शोधत, आणि खांबाआडच्या त्याच्यापाशी येऊन थांबली. त्या नजरेत थट्टेचा लवलेश नव्हता. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचे डोळे असतात तसे ते डोळे होते.

त्याने आपली नजर खाली वळवली.

ऑर्गनचा पहिला सूर उठला. आत्याने गीत सुरू केलं होतं. मंडळी उभी राहिली, पाळकांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, आणि त्या गीताची सगळी कडवी त्यांनी पुस्तकात न बघता, एकही शब्द न चुकता म्हटली.

सभा तिथेच झाली. खुर्च्या गोल मांडल्या गेल्या; मौनी खांबाजवळच्या खुर्चीवर टेकला. सेक्रेटरी तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या बायकोचे गुडघे गेले होते, आणि दूर गाडी लावून चालत येणं तिला खरोखरच जमत नव्हतं. ते समजुतीच्या सुरात बोलले. डॉक्टर म्हातारे झालेत, कपाटाला वाळवी लागलीय, मोठं इस्पितळ तर आहेच.

"पाळकसाहेबांना वाईट वाटेल," पुढच्या बाकावरची ती म्हातारी म्हणाली. "दवाखाना त्यांनीच उघडला होता."

"म्हणून तर मी आज कान देऊन ऐकत होतो," सेक्रेटरी म्हणाले. "सभा आजच आहे हे त्यांना ठाऊक होतं. दवाखान्याबद्दल चकार शब्द काढला त्यांनी? तीनदा वाटेबद्दलच बोलले. मला तर वाटतं, आमचा मार्ग मोकळा केला त्यांनी. त्यांची हरकत नाही."

माना हलल्या. पाळक समोरच्या खुर्चीवर बसून प्रसन्नपणे सगळ्यांकडे बघत होते. झग्याची झिजलेली बाही ते बोटांनी चाचपत होते.

आत्याने ऑर्गनचं झाकण लावलं आणि तिथूनच मौनीकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. सकाळीच तिचं बोलून झालं होतं.

मौनीला एकदम सगळं लख्ख दिसलं, आणि ते दिसावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. वडील गप्प राहिले ते कशामुळे, हे सांगितल्याशिवाय त्या गप्प राहण्याचा हा अर्थ खोडता येणार नव्हता. रागावणं किती सोपं होतं. राग धरला की बाबा हट्टी राहत होते, थट्टेखोर राहत होते, जसेच्या तसे राहत होते.

"तर मग मतं घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. "अहो, एवढा मोठा वक्ता. दवाखान्यासाठी बोलायचं असतं तर बोलले नसते? ते काय विसरले?"

लोक हसले. पाळकही हसले.

"हो," मौनी म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की शेजारच्याने फक्त मान वळवली. तो उभा राहिला. खांब मागे राहिला.

"काय म्हणालात?" सेक्रेटरींनी विचारलं. हे घर थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध असल्यामुळे त्यांच्या ओठांवर हसू तयारच होतं. "तुम्ही बोललात? आज सूर्य कुठून उगवला?"

त्याचे ओठ हलले आणि शाळेतल्यासारखाच आवाज निघून गेला. ती म्हातारी कानाला हात लावून पुढे वाकली. वडील त्याच्याकडे बघत होते, उत्सुकतेने, जणू आज बोलणार कोण आहे ते आता त्यांना कळणार होतं. त्याने श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं.

"बाबांच्या आता लक्षात राहत नाही."