काचेतल्या सवती

“अगे, हळू चाल! पाय आपटूं नकों, तीं भितात.”

जानकीराम हॉलच्या फरशीवर पालथे पडले होते. हनुवटीखाली उशी, चष्मा काचेच्या टाकीला टेकलेला. भवानी कॉफीचा टंबलर हातात घेऊन जागच्या जागी थबकली. पाय तिने आपटला नव्हता. स्वतःच्या घरात ती चालत होती, एवढंच.

“कॉफी,” ती म्हणाली.

“ठेव तिथें. ही सोनी बघ कशी वाळू उकरते! डोळ्यांपर्यंत आंत गेली.”

सोनी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी एक मासोळी. टाकीच्या तळाशी राहणारी, ओठांपाशी मिशा असलेली, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारख्या पट्ट्या. अशा सहा होत्या. मासे विकणारा सेतू त्यांना कोरी म्हणायचा. शेजारच्या सौम्याने पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ती मात्र खो खो हसली होती. “हीं तर केळुत्तीचीं पोरें! कावेरीत मिळते ती. लोक चिंचेच्या रश्शांत, कुळंबू करून खातात, आणि तुम्ही पाळतां?”

जानकीरामांची उभी हयात मोठ्या रस्त्यावरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकासमोर समया मांडायच्या, पुसायच्या, पुन्हा वर ठेवायच्या. गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी काम सोडलं आणि घरात खुर्चीत बसून राहू लागले. अप्पांचा वेळ जावा म्हणून मुलीने, नित्याने, ही टाकी आणून दिली. वरच्या पाण्यात लाल-निळे झगमगीत मासे होते. पण ह्यांचा जीव जडला तो तळाच्या त्या मातकट मिशाळ पोरींवर.

भवानी त्याच हॉलमध्ये खिडकीपाशी बसून दारासुरमहून येणाऱ्या रेशमी साड्यांच्या पदरांना गोंडे बांधायची. त्यामुळे दिवसभर हा सोहळा तिच्या डोळ्यांसमोर चाले. “सोनी, आज रुसलीस कां?” “सोनी, वरच्यांनी तुझें खाल्लें कीं काय?” संध्याकाळी टाकीचा दिवा मालवून ते खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्या तळाशी सोडत, कारण उजेडात वरचे मासे त्या पळवतात. मग अंधुक उजेडात तिथेच बसून राहत आणि सगळ्या खाऊन झाल्याशिवाय उठत नसत.

भवानी सगळ्यांचं झाल्यावर भांड्याच्या तळाचा भात खरवडून जेवायची. ते कधी कुणी बसून पाहिलं नव्हतं.

लग्न होऊन ती सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून ह्या घरात आली तेव्हापासून नवऱ्याने तिला ‘अगे’ म्हटलं होतं. भवानी हे नावही तो परक्यांपुढेच घेई. दुकानात लग्नाची भांडी घ्यायला नटूनथटून बायका येत, पण तिच्या मनात कधी किंतु आला नाही. आणि आता, केस पांढरे झाल्यावर, एका मासोळीवरून तिचा जळफळाट होत होता. सांगायचं तरी कुणाला? सौम्याला सांगितलं असतं तर गल्लीभर हसू झालं असतं.

अळ्यांच्या दिवशी तर तिला हुंदकाच आला होता. सेतूने गोठवलेल्या अळ्यांचं पाकीट दिलं आणि जानकीरामांनी ते आणून फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलं. विठ्ठलाच्या नैवेद्याचं दूध ज्या फ्रीजमध्ये, त्यातच. नित्याच्या वेळच्या बाळंतपणात दूध वाढावं म्हणून शेजारणीने भवानीला लसणाचं रसम आणून दिलं होतं. “आमच्या घरांत लसूण चालत नाहीं,” म्हणून सासूने ते दारातूनच परत पाठवलं, आणि जानकीराम समोर पेपर वाचत बसले होते. दूध कमी येतं म्हणून तेव्हा ती रात्ररात्र रडली होती.

“अळ्या?” ती म्हणाली.

“प्लास्टिकांत आहेत कीं. सोनीला ताकद पाहिजे.”

आवणी महिन्यात, श्रावण सरण्याच्या सुमाराला, जानकीरामांच्या पोटात दुखू लागलं. हर्निया निघाला. तंजावरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. चेन्नईहून नित्या गाडी घेऊन आली. भवानीने आपल्या दोन साड्या पिशवीत भरल्या, फ्लास्क धुऊन ठेवला, विठ्ठलापुढची उदी कागदात बांधून घेतली.

ती पिशवी पाहून जानकीराम म्हणाले, “तूं कुठें? तूं इथेंच राह. ह्यांना कोण बघणार?”

तिने नित्याकडे पाहिलं.

“अम्मा, मी आहे ना तिथं,” नित्या म्हणाली. “आणि तिथं एकालाच राहूं देतात. तूं आराम कर.”

गाडी गेली. उदीची पुडी तिच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. साडीचे गोंडे तिच्या हातून वाकडे होत होते. देवापुढे बसली, उठली, पुन्हा बसली. दुपार उलटल्यावर नित्याचा फोन आला, सगळं नीट झालं म्हणून. भवानी भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने डोळे पुसले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज खोल गेलेला, भुलीतून नुकता सुटलेला.

“अगे...”

“बोला. फार दुखतें का हो?”

“तीं जेवलीं का?”

तिला आधी कळलंच नाही, कोण. मग कळलं.

“दिवा मालवून मग घाल हं,” ते सांगत होते. “सोनीला पोंचतें का तें बघ.”

फोन ठेवून ती टाकीपाशी गेली. तळाशी सोनी आपल्या मिशा वाळूत घालून निवांत फिरत होती. भवानीने गोळ्यांचा डबा उचलला, झाकण काढलं आणि अख्खा डबा टाकीत पालथा केला.

“खा! एकदांची पोट फुटेस्तोंवर खा!”

गोळ्या भुरभुर खाली बसल्या. दिवा तसाच जळत ठेवून ती आत जाऊन झोपली. जेवली नाही.

सकाळी हॉलमध्ये कुजका वास येत होता. टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. रंगीत मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तळाशी न खाल्लेल्या गोळ्या फुगून बुरशीच्या थरासारख्या बसल्या होत्या आणि त्यात काहीतरी आडवं पडलं होतं.

 भवानीने सेतूला फोन लावला आणि तमिळमध्ये कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, “मामी, नळीने तळाची घाण ओढून काढा. निम्मं पाणी काढा, साठवलेलं पाणी घाला. नळाचं थेट नको. मी येतो.”

सेतू येईपर्यंत तिने पदर खोचून बादल्या उपसल्या. नळीला तोंड लावून पाणी ओढताना ते घाणेरडं पाणी तोंडात आलं. ती बाहेर जाऊन ओकली आणि परत येऊन पुन्हा ओढू लागली. मडी नाही, सोवळं नाही, काही आठवलं नाही. “जगा ग बायांनो,” ती पुटपुटत होती. “माझें पाप माझ्या माथीं, तुम्ही जगा.”

पाच जगल्या. सोनी नाही.

तिला तळहातावर घेतलं तेव्हा पहिल्यांदा भवानीने तिला जवळून पाहिलं. मातकट कुठे, अंगावर हिरव्या रेशमासारखी झाक होती. मागच्या अंगणात पारिजातकाखाली तिने खड्डा केला. संध्याकाळी पुन्हा त्यांचा फोन आला.

“जेवलीं?”

“जेवलीं,” ती म्हणाली.

चार दिवसांनी जानकीराम घरी आले. नित्याला सुट्टी नव्हती, त्यांना खाटेवर निजवून ती लगेच परतली. तिची गाडी वळली तशी त्यांनी टाकीजवळ खुर्ची मागवली. पोटावरच्या टाक्यांमुळे वाकता येत नव्हतं. मान तिरकी करून ते कितीतरी वेळ तळ न्याहाळत राहिले.

“सोनी दिसत नाहीं.”

“मेली.”

“कशानें?”

“मीं डबा ओतला.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “हातांतून निसटला असेल.”

त्यांनी वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

“निसटला नाहीं. रागानें ओतला.”

“मुक्या जिवावर कसला राग?”

“तिच्यावर नाहीं, तुमच्यावर!” भवानीचा आवाज इतका चढला की तिचा तिलाच परका वाटला. “तुमचें पोट चिरत होते आणि तुमची बायको इथें मासे राखत होती. बाहेर बांकावर बसायचा हक्क माझा होता. भुलींतून उठून तुम्ही विचारलेंत काय? तीं जेवलीं का!”

“यायचें आहे म्हणून तूं म्हणाली नाहींस.”

“पिशवी भरली होती मीं. आणखी काय म्हणायचें?”

जानकीराम टाकीकडे पाहत राहिले.  काचेवर बोट टेकवून ते म्हणाले, “तडफडली असेल का ग ती?”

अजूनही तीच. भवानीच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. पण ह्या वेळी त्यांच्याबरोबर तिचेही डोळे भरून आले, आणि त्याचा तिला जास्तच राग आला. ती उठून आत गेली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. सेतूचा फोन आला, त्याच जातीची दुसरी मासोळी आणून देऊ का म्हणून. “नकों,” जानकीराम म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भवानीने भात उतरवला, चिंचेचं आंबट सांबार केलं, रसमाला फोडणी दिली. मग तिने एकच ताट घेतलं. रोज ते जिथे बसत त्या पाटावर जाऊन बसली आणि वाफाळत्या भातावर तूप वाढून घेतलं. पहिल्या घासाला जीभ पोळली. इतका गरम भात ह्या घरात आपण कधी खाल्लाच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

जानकीराम पोटावर हात ठेवून हळूहळू दारात आले. नेहमीच्या जागी बायको बसलेली. ते पाहत राहिले. ती आता उठेल, असं त्यांना वाटलं असावं. ती उठली नाही. तिने सांबारातली फोड भाताशी कालवली.

“झालें का जेवण?” त्यांनी विचारलं.

“झालें आहे. वाढून घ्या.”

ते ओट्यापाशी गेले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“अगे... ताटें कुठें असतात?”

भवानीने तोंडातला घास चावला, गिळला, पाण्याचा घोट घेतला.

“कपाटांत.”

कपाटं तीन होती. पहिलं उघडलं, त्यात डाळींचे डबे. त्यांनी ते अलगद लावलं आणि दुसऱ्याकडे वळले. भवानीने रसमाचं भांडं जवळ ओढलं आणि आणखी थोडा भात वाढून घेतला. तिला कसलीच घाई नव्हती.