वजनाच्या खोलीतला बाळकृष्ण

"अबोली, तू देवाले आंघोळ घालते का गाडी धुते?" वनमालाबाईंनी सुनेला टोमणा मारला.

लग्नात माहेरून आलेल्या पितळेच्या बाळकृष्णापुढे रोज थोडा वेळ शांत बसायचं, असं अबोलीनं ठरवलं होतं. वर्ष होत आलं, एकदाही जमलं नव्हतं. डबा, पाणी, उरला गावच्या कारखान्याची बस. आजही तिनं देव धुतला, कोरडा करायला फडक्यात गुंडाळला, तेवढ्यात त्यांच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला आणि ओट्यावरचं सगळं पिशवीत कोंबून ती पळाली.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोचते न पोचते तोच सासूबाईंचा फोन. "अवं, देव्हारा रिकामा आहे! देव कुठी गेला?"

अबोलीनं पिशवीत हात घातला. पोळ्यांच्या डब्याला टेकून बाळकृष्ण रांगत होता.

"आई, तो माझ्यासंगं ड्युटीवर आला."

शेजारच्या टेबलावरचा विशाल वाकून पाहू लागला. "दीदी, ये भी टेस्टिंग के लिए आया है क्या? पीतल कितना शुद्ध है, देख लूँ?"

"हात तर लावून पाहा!"

पण ठेवायचा कुठे? बाहेर लोखंडाची धूळ, आत आम्लांचा वास. स्वच्छ जागा एकच, वजनाची खोली. तिथला काटा इतका नाजूक की पंखा बंद, दार बंद, मोबाइल बाहेर. कुणी बोललं तरी आकडे थरथरतात.

भट्टीतून काढलेली कोळशाच्या राखेची वाटी झाकणाच्या काचपात्रात ठेवून ती आत आली. वाटी निवेपर्यंत वजन करता येत नाही. एरवी हा वेळ ती चहाला जायची. आज तिनं काट्याशेजारच्या दगडी ओट्यावर बाळकृष्ण ठेवला आणि स्टुलावर बसली.

त्याचं वजन करून पाहायचा मोह झाला. आवरला.

देवाशी काय बोलावं, सुचेना. मग हसूच आलं, इथे तर बोलायलाच मनाई! बाहेर रोलिंग मिल धडधडत होती, आत काट्यावरची शून्यं जागची हलत नव्हती. हळूहळू तिचा श्वासही तसाच झाला. वाटी कधी निवली, कळलं नाही.

संध्याकाळी वनमालाबाई दारातच उभ्या होत्या. देव्हाऱ्यात रिकाम्या जागीही त्यांनी जास्वंद वाहिलं होतं.

"आणलं का माह्या पोराले? दिवसभर काय करून राहिला होता तिथं?"

"माझ्याजवळ बसला होता, आई."

त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं झालं. पण उद्या त्याले नेऊ नको हं, मी कोणाशी भांडू?"

दुसऱ्या दिवशी राखेची वाटी निवायला ठेवून अबोली वजनाच्या खोलीकडे निघाली, तसा विशाल म्हणाला, "दीदी, आज भगवान छुट्टी पर हैं?"

तिनं हसत ओठांवर बोट ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.