एका वृद्ध ग्रामस्थाने सांगितले

करिश्माला साधा अंक चालत नसे. दोन कथा, चार कविता, राशिभविष्य आणि मधेच सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात, असली मिसळ तिला पचायची नाही. तिला विशेषांक लागे, तोही एकाच विषयाचा. मीठ तर मीठच, कुलपं तर कुलपंच, पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत. गडचिरोलीला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खिडकीत कुणीतरी टाकून दिलेला उंट विशेषांक तिच्या हाती लागला आणि हे खूळ डोक्यात शिरलं. पुढे गावच्याच अंगणवाडीत नोकरी लागली, तरी खूळ काही गेलं नाही. तालुक्याला, सावलीच्या बसस्टँडवरचा पेपरवाला सुनिल असे अंक तिच्यासाठी बाजूला काढून ठेवी आणि तिचं येणं झालं नाही तर बसच्या कंडक्टरबरोबर पाठवून देई.

गाव सावलीहून बरंच आत, जंगलाला लागून. तिथं उंटाशी कुणाला काय करायचं होतं? पण करिश्मा जो अंक वाचायची तो साऱ्या गावाला ऐकावा लागे. हापशीवर बाया आधीच विचारून घेत, "सद्या काय चालू हाये वं?" ती सांगे, दीपगृहं. मग महिनाभर हापशीवर दीपगृहं चालत. घरी तिचे वडील लच्छू जेवताना मान खाली घालून ऐकत. कधी हं नाही की चूं नाही. त्यांना काही कळतं की नाही, याचा पत्ता लागत नसे.

तिचा सगळ्यात लाडका अंक समुद्राचा. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता, वैनगंगेचा पूर काय तो पाहिलेला. त्या अंकात एका किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं की तिथं अमावास्येच्या रात्री होडीवर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, कारण त्या रात्री दर्या नावं ऐकून ठेवतो. हे वाचून तिच्या अंगावर काटा आला होता. अंगणवाडीतल्या पोरांना तिनं ते इतक्यांदा सांगितलं, की पोरं अमावास्येला एकमेकांना नुसतं "ए" म्हणू लागली. एवढं छापून आलंय म्हणजे खरंच असणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याकडचे एक लेखक गावात आले. मोहाच्या झाडावर, मोह विशेषांक निघणार होता. करिश्माचं नशीब असं, की नेमकी ती चंद्रपूरला प्रशिक्षणाला गेलेली. तिच्या माघारी लच्छूंनीच पाहुण्यांना आपल्या मोहाखाली बसवलं, पाणी दिलं आणि दिवसभर बोलत राहिले. लच्छू दिवसभर बोलले, यावर करिश्माचा विश्वासच बसेना.

दिवाळीनंतर अंक आला. सुनिलनं तो हातात दिला तेव्हा तिला इतका आनंद झाला, की सुटे पैसे घ्यायचंही भान राहिलं नाही. बसमध्येच तिनं वाचायला घेतला. मधोमध लच्छूंचा फोटो होता, मोहाला टेकून उभे. शेजारी चार पानं मजकूर. पहिलं फूल पडलं, की घरातला थोरला माणूस एकटाच झाडाजवळ जातो आणि सरत्या वर्षात घरात काय काय घडलं ते झाडाला सांगतो. जन्म, मरण, सोयरीक, सगळं. तोवर कुणी फुलाला हात लावत नाही. झाड म्हणजे त्या घराची आठवण. असे एका वृद्ध ग्रामस्थाने सांगितले.

करिश्मा पाय फुटल्यापासून मोह वेचत होती. असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. घरी येऊन आईला, इतवारीबाईंना, विचारलं, तर त्या हसता हसता खालीच बसल्या. मग ती वडिलांकडे गेली.

"बाबा, हे तू सांगतलं?"

"सांगतलं."

"पन आपल्यात असं कोनी करते का?"

लच्छूंनी हातातल्या दोरीला पीळ घातला. "तो मानूस केवढ्या दुरून आला. वेचाचं कसं, वाळवाचं कसं, सारं सांगून झालं. तरी तो इचारूनच राह्यला, आनखी काई, आनखी काई. पाव्हन्याले रिकाम्या हातानं कसं धाडाचं?"

"म्हनून खोटं सांगाचं?"

"खोटं काहाचं? चांगलं होतं. त्याले लय आवडलं." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पन मले वृद्ध काऊन लिहलं थे सांग."

करिश्मा तडक आत गेली. तिनं पेटीतून समुद्र विशेषांक काढला, तो परिच्छेद शोधला आणि इतक्या वर्षांत न वाचलेली त्याची शेवटची ओळ वाचली. असे एका वृद्ध कोळ्याने सांगितले. तिनं बाकीचे अंकही उपसले. मिठाच्या अंकात एक वृद्ध आगरी होता, कुलपांच्या अंकात एक वृद्ध लोहार, उंटाच्या अंकात तर तिघं होते. प्रत्येकाच्या दारात कुणीतरी दुरून आलेलं असणार, आणि प्रत्येकाला त्याला रिकाम्या हातानं धाडणं जड गेलं असणार. तिला बापाचा राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. आयुष्यात एवढी एकच चैन केली होती, आणि तिच्यावर घरच्याच माणसानं पाणी ओतलं.

तिनं पेटी बंद केली. पुढे सुनिलनं कंडक्टरबरोबर एक पाकीट पाठवलं, ते तिनं न फोडताच धानाच्या पोत्यावर टाकलं. हापशीवर बायांनी विचारलं, सद्या काय चालू हाये, तर म्हणाली, काही नाही. बायांनाही चुकल्यासारखं झालं. लच्छू मात्र मोह विशेषांक पिशवीत घालून गावभर फोटो दाखवत फिरले. मुलीला एका शब्दानं काही बोलले नाहीत. चूक झाली म्हणायची त्यांना सवयच नव्हती. घरात जेवणं आता मुकाट्यानं होऊ लागली.

शिमग्याच्या सुमारास मोह पडायला लागला. पहिल्या दिवशी करिश्मा पहाटे टोपली घेऊन निघाली, तर आई म्हणाली, "तुहा बाबा आज पुढंच गेला." कधी नव्हे ते. झाडापाशी पोचण्याआधीच तिला आवाज आला आणि ती एका येनाच्या झाडाच्या आडोशाला थांबली. लच्छू मोहाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे होते. दोनदा खाकरले.

"लाल गाय व्याली. कालवड झाली. धान बरं झालं, कोपऱ्यातलं डुकरानं खाल्लं. माहा मामा गेला, थे तुले मालूम असन." मग ते नखानं बुंध्याची साल खरवडू लागले. "आनखी... पोरीनं वाचनं सोडलं. माह्यामुळं. पुस्तकाले हात नाई लावत. मले थे उंटाचं, दिव्याचं आयकाची आदत झाली होती. आता जेवन जात नाई."

वळले तर समोर करिश्मा. लच्छू जरासे ओशाळले, पण टोपली उचलून म्हणाले, "आता छापून आलं ना. करा लागते."

दोघांनी फुलं वेचली. ऊन चढेपर्यंत टोपली भरली. घरी आल्यावर इतवारीबाईंनी फुलं अंगणात वाळत घातली, आणि करिश्मानं पोत्यावरचं पाकीट काढून धूळ झटकली आणि फाडलं.

"काहाचा हाये?" लच्छूंनी विचारलं.

"वाऱ्याचा."

ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागली. लच्छू दोरी वळत मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्याच पानावर ती अडखळली आणि थांबली.

"काऊन थांबली?"

"असे एका वृद्ध नावाड्याने सांगितले," करिश्मानं वाचलं, आणि तिला हसू आवरेना.

लच्छूंनी दोरी खाली ठेवली आणि ते सरकून तिच्याजवळ बसले. "वाच वाच," ते म्हणाले. "काय सांगतलं त्या बुड्यानं?"