दाढ आणि दोन आडव्या रेघा

दोन वर्षांच्या मनधरणीनंतर आई सुनेच्या खुर्चीत बसल्या. सून दातांची डॉक्टर. दाढेचा तुकडा पडला, गाल सुजला, तरी आईंचं "फारसं दुखत नाही गं" चालूच होतं. आज अखेर भुलीचं इंजेक्शन दिलं, अर्धा ओठ लोंबला, आणि समोरच्या पडद्यावर एक्स-रेऐवजी ओळ उमटली: संपर्क होऊ शकत नाही.

"अहो!" सून म्हणाली.

अहो म्हणजे आईंचे चिरंजीव, वय पंचेचाळीस, दवाखान्याचे बिनपगारी नेटवर्क इंजिनिअर. एक्स-रे काउंटरवरच्या संगणकात साठत आणि तिथून पडद्यावर जात. आदल्या संध्याकाळी चिरंजीवांनी त्या संगणकावर फायरवॉल बसवली होती, म्हणजे दारात पहारेकरी उभा केला होता. पहारेकरी इतका कडक निघाला की घरच्या एक्स-रेलाही बाहेर सोडेना.

"दोनच मिनिटं," चिरंजीव म्हणाले. ही दोन मिनिटं सुनेला लग्नापासून ओळखीची होती.

"मग मी उठू?" आईंनी अर्ध्या ओठाने, पण पूर्ण आशेने विचारलं. "येईन की परत."

"आज उठलात तर तुम्ही परत येणार नाही, आई."

"छे, तसं कसं," आई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

भूल तासभर टिकणार होती. आईंचा धीर तेवढा टिकेल असं दिसत नव्हतं.

चिरंजीवांनी हुकूम टाइप केला: एक्स-रेला जाऊ दे. एक्स-रे आला! दाढेची मुळं बघायला सून चित्र मोठं करणार, तेवढ्यात पडदा कोरा झाला.

"काय केलंत?"

"काही नाही. खात्रीसाठी फक्त रीलोड केलं."

आईंनी डोळे मिटले. हा मुलगा कुलूप लावून दोन मजले उतरला की परत चढून ते ओढून बघायचा. एकदा कडीच हातात आली होती.

पहारेकऱ्याला नुसतं तोंडी सांगितलं तर तो लगेच ऐकतो, पण रीलोड झालं की विसरतो. कायमचं सांगायचं तर दोन आडव्या रेघा देऊन ‘परमनंट’ लिहायचं. मग तो वहीत टिपून घेतो, पण वही उघडतो रीलोड झाल्यावरच. हे सगळं मदतीच्या पानावर होतं. चिरंजीवांनी पान अर्धं वाचलं. परमनंट लिहिलं आणि, एकदा पोळल्यामुळे, या वेळी रीलोड केलं नाही. एक्स-रे आला नाही.

"हा पर्यायच बिघडलाय," असा निकाल देऊन त्यांनी नियम खोडला आणि परत तोंडी हुकूम सोडला. एक्स-रे आला. बोट खात्रीसाठी पुन्हा कीबोर्डकडे निघालं.

"बाळा," खुर्चीतून हाक आली, "जवळ ये रे. भीती वाटतेय."

आईंच्या तोंडून हे वाक्य घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. चिरंजीव धावले. आईंनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं ते दाढ निघेपर्यंत सोडलं नाही. सुनेला भरून आलं.

"आधी सांगायचंत ना, आई. ह्यांना पहिल्यापासून शेजारी उभं केलं असतं."

"दाढेची कुठली भीती?" कापसाचा बोळा सावरत आई म्हणाल्या. "हा परत ते बटण दाबेल, याची होती."

चिरंजीव काउंटरवर गेले. पानाचा उरलेला अर्धा भाग वाचला, परमनंट लिहिलं, मग रीलोड केलं. एकदाच.

आई चपला घालून दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"सूनबाई, मूळ पूर्ण निघालंय ना गं?"

"निघालंय."

"नाही, तरी एकदा खात्री केलेली बरी."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे. आईंना पुन्हा बसवून तिने खुर्ची मागे झुकवली. नवा एक्स-रे काढला. तिघं पडद्याकडे बघत राहिली.

एक्स-रे आला. दाढेच्या जागी स्वच्छ काळी पोकळी. चिरंजीवांचे दोन्ही हात खिशात होते. आई पडद्याकडे कमी आणि त्या खिशांकडे जास्त बघत होत्या.